होडीची किंमत आणि होडीचा खर्च

नाखवा म्हटला की शहरातील वाचकाच्या डोळ्यांपुढे एक सुखवस्तू माणूस उभा राहतो. ज्याच्या मालकीची नौका आणि ज्याच्या हाताखाली खलाशी, तो मालक. आणि मालक म्हणजे श्रीमंत, असा हा सरळ हिशेब आहे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका बाळगणाऱ्यांच्या बाबतीत तो काही अंशी खराही असेल. परंतु पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बंदरांत लहान यंत्राची, तीन-चार माणसांची होडी बाळगणारा नाखवा बहुधा स्वतःच तांडेल असतो आणि स्वतःच खलाशीही असतो. सरकारी कागदावर तो मालमत्तेचा धनी आहे. प्रत्यक्षात वर्षाअखेरीस त्याच्या हाती किती रक्कम उरली, हे पुष्कळदा त्याला स्वतःलाही नेमके सांगता येत नाही. लहान मच्छीमाराच्या दुरवस्थेची कारणे शोधताना समुद्रातील घटती मासळी, मोठ्या नौकांचे आक्रमण आणि वादळे यांची चर्चा पुष्कळ होते, आणि ती व्हायलाच हवी. पण होडी चालवण्याचा वार्षिक खर्च आणि त्या खर्चाचे अंदाजपत्रक हा विषय मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः लहान नाखव्याला कर्जाच्या गाळात लोटणारे मुख्य कारण होडीची किंमत हे नसून होडीचा खर्च हे आहे.

पगारदार माणसाच्या आणि नाखव्याच्या अंदाजपत्रकात एक मूलभूत फरक आहे. शिक्षकाला किंवा कारकुनाला महिन्याच्या आरंभी जमेची बाजू ठाऊक असते; ओढाताण असते ती खर्चाच्या बाजूला. नाखव्याचे नेमके उलट आहे. आज जाळ्यात काय येईल आणि धक्क्यावरच्या लिलावात त्याला काय भाव मिळेल हे त्याला ठाऊक नसते. ज्याची जमा अशी अनिश्चित आहे, त्याने अंदाजपत्रक तरी कशाचे करावे, असा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु जमा अनिश्चित असते तेव्हाच खर्चाचा आकडा निश्चितपणे ठाऊक असणे अधिक अगत्याचे असते. किती मासळी मिळेल हे समुद्राच्या हाती असले, तरी किती मासळी मिळाल्याखेरीज होडी तोट्यात जाते हे काढणे माणसाच्या हाती आहे.

दिसणारा खर्च आणि न दिसणारा खर्च

होडीचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला फेरीचा खर्च: डिझेल, बर्फ, वंगण, खलाशांचा शिधा आणि पाणी. हा रोज डोळ्यांना दिसतो, रोख द्यावा लागतो आणि म्हणून सर्वांच्या लक्षात राहतो. दुसरा खर्च होडी समुद्रात गेली तरी होतो आणि किनाऱ्याला उभी राहिली तरी होतो. लाकूड कुजते, यंत्र झिजते, जाळी फाटतात, कर्जावरचे व्याज चढते, विम्याचा हप्ता व परवान्याचे शुल्क भरावे लागते. पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारणे, फळ्यांच्या फटी बुजवणे, रंग देणे हीही कामे चुकत नाहीत. यातील झिजेला हिशेबनीस घसारा म्हणतात. कार्यालयातल्या टेबल-खुर्चीचाही घसारा दरसाल खतावणीत लिहिणाऱ्या समाजात, ज्या होडीवर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून आहे तिचा घसारा मात्र कोणी लिहीत नाही.

निव्वळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी सोयीचे, कल्पित आकडे घेऊ. समजा, होडीचे सांगाडे-फळ्यांसह बांधकाम सहा लाखांचे आहे आणि ते पंधरा वर्षे टिकेल. यंत्र तीन लाखांचे असून सहा वर्षे चालेल. जाळी दोन लाखांची असून दोन वर्षांत बदलावी लागतील. म्हणजे दरसाल होडीचे ४० हजार, यंत्राचे ५० हजार आणि जाळ्यांचे एक लाख असा एकूण १ लाख ९० हजारांचा घसारा झाला. सहा लाखांच्या कर्जावर दहा टक्क्यांनी व्याजाचे ६० हजार, आणि विमा, परवाना व पावसाळी डागडुजी मिळून ५० हजार. बेरीज तीन लाख होते. होडी वर्षातून २०० दिवस समुद्रात गेली, तर प्रत्येक फेरीवर या न दिसणाऱ्या खर्चाचे १,५०० रुपये बसतात. फेऱ्या १५० वर आल्या, तर तोच बोजा २,००० रुपयांवर जातो. खर्चात एका पैशाचीही वाढ झालेली नाही. केवळ ५० दिवस होडी बंदरात राहिली, म्हणून प्रत्येक फेरी ५०० रुपयांनी महागली.

आता फेरीचा हिशेब पाहू. ताशी आठ लिटरप्रमाणे पाच तासांचे ४० लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरले तर ३,६०० रुपये. बर्फ, वंगण व शिधा यांचे ९०० रुपये. एकूण ४,५०० रुपये. मासळी विकून ७,५०० रुपये आले. किनाऱ्यावरच्या पुष्कळ ठिकाणच्या वहिवाटीप्रमाणे फेरीचा खर्च आधी वजा करायचा आणि उरलेल्या रकमेचे वाटे पाडायचे. काही होडी व जाळ्यांचे, काही माणसांचे. वाट्यांचे प्रमाण बंदरागणिक निराळे असते, येथे ते निम्मे-निम्मे धरू. उरलेल्या ३,००० पैकी १,५०० होडीचे आणि १,५०० तिघा माणसांचे. त्या तिघांत नाखवाही एक असेल, तर त्याच्या हाती त्या दिवशी २,००० रुपये येतात आणि दिवस बरा गेला अशी त्याची समजूत होते. पण होडीचे १,५०० रुपये त्याचे नव्हेतच. ते उद्याच्या जाळ्याचे, परवाच्या यंत्राचे आणि बँकेच्या व्याजाचे आहेत. त्याची खरी कमाई ५०० रुपये, म्हणजे त्याच्याच होडीवरील खलाशाइतकी. आणि फेऱ्या १५० च झाल्या असतील, तर वर्षाला ७५ हजारांची तूट त्याच्या नकळत साचत जाते. ती भरून काढण्यासाठी त्याला दर फेरीस हजार रुपयांची मासळी अधिक आणावी लागेल, कारण त्यातले निम्मेच होडीच्या वाट्याला येतात.

हातात आलेली रक्कम आणि झालेला नफा यांतला हा फरक ज्या वर्षी यंत्र बंद पडते त्या वर्षी एकदम समोर येतो. तोपर्यंत होडीच्या वाट्याचे पैसे मुलाच्या शिक्षणात, घराच्या छपरात किंवा बहिणीच्या लग्नात गेलेले असतात. हा खर्च उधळपट्टीचा होता, असे कोणी म्हणणार नाही. पण तो होडीच्या भांडवलातून झाला, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

दिवस कमी, अंतर अधिक

समुद्रात जाण्याचे दिवस कमी होत आहेत, ही या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ही बंदी मासळीच्या प्रजननासाठी आवश्यक आहे आणि शहाणे मच्छीमार तिला विरोध करीत नाहीत. उरलेल्या ३०४ दिवसांतही सर्व दिवस कामाचे नसतात. डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाणाला ओढ जोराची असते, भांगाच्या दिवसांत ती मंदावते आणि जाळी रिकामी राहतात. त्यात वादळांची भर पडली. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि लगोलग नोव्हेंबरात ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात आली. ती महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळली नाहीत. पण ऐन हंगामात नौका बंदरात अडकून पडल्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेले. वादळात फुटलेल्या होडीचा पंचनामा होतो. वादळाच्या इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसांचा पंचनामा होत नाही, आणि व्याज मात्र त्या दिवसांचेही चढते.

दिवस कमी होत असताना मासळीच्या मागे जाण्याचे अंतर वाढत आहे. किनाऱ्याजवळची मासळी आटली की होडीला अधिक दूर जावे लागते, आणि डिझेलचा खर्च अंतराबरोबर वाढतो. वेगाचा हिशेब तर याहूनही कठीण आहे. पाणी कापीत जाणाऱ्या अशा होडीला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग एकदशांशाने वाढवायचा, तर यंत्राला जवळजवळ एकतृतीयांश अधिक शक्ती लावावी लागते. म्हणून घाईने चालवणारा तांडेल अडाणी ठरत नाही. लिलावात पहिल्या पोहोचणाऱ्या मासळीला चांगला भाव मिळतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. मिळणारा जादा भाव जळणाऱ्या जादा डिझेलाहून मोठा आहे की नाही, हे मात्र वही ठेवल्याखेरीज कळत नाही. होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटले, तरी पाण्याचा विरोध वाढून तेवढ्याच अंतराला अधिक डिझेल लागते. बूड खरवडण्याचा खर्च टाळणारा नाखवा तो खर्च डिझेलच्या पंपावर पुन्हा भरीत असतो.

डिझेलच्या दराची अनिश्चितता हाही नवा ताप आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. २०२२ च्या आरंभी घाऊक ग्राहकांसाठीचा दर किरकोळ दरापेक्षा बराच वर गेला, तेव्हा मच्छीमार सहकारी संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत मोडत असल्याने त्यांचे सभासद अडचणीत आले. वरच्या उदाहरणात लिटरमागे पाच रुपये वाढले, तर फेरीला २०० रुपये अधिक लागतात. त्यांपैकी १०० होडीच्या वाट्यातून जातात आणि १०० तिघा माणसांच्या. डिझेलची दरवाढ ही केवळ मालकाची अडचण नसून ती खलाशाच्या मजुरीतील कपातही असते, हे वाट्याच्या पद्धतीमुळे उघड होते.

काटकसर कोठे होते?

तूट पडू लागली की खर्च तोडावा लागतो, आणि तो कोठे तोडला जातो हे पाहण्यासारखे आहे. डिझेल तोडता येत नाही, कारण त्याशिवाय होडी हलत नाही. बर्फ तोडला तर मासळी नासते. शिधा तोडला तर खलाशी दुसऱ्या होडीवर जातात. म्हणून पहिली कात्री होडीच्या विम्यावर चालते. मग बुडाची डागडुजी पुढच्या वर्षावर जाते. मग यंत्राची तपासणी राहते. आणि शेवटी फाटलेली जीवरक्षक जाकिटे नव्याने घ्यायची राहतात. म्हणजे जो खर्च आज केला नाही तरी आज काही बिघडत नाही, नेमका तोच तोडला जातो. खवळलेल्या समुद्रात यंत्र बंद पडते तेव्हा तो बिघाड बहुधा त्या दिवशीचा नसतो. दोन-तीन हंगामांच्या काटकसरीचे ते फळ असते. हिशेबाचा हा प्रश्न म्हणूनच केवळ पैशाचा राहत नाही, तो तीन-चार माणसांच्या जिवाचा होतो. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेखाली मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला पाच लाखांचे विमासंरक्षण आहे आणि त्याचा हप्ता सरकार भरते, ही चांगली गोष्ट आहे. पण हे संरक्षण माणसाचे आहे. होडी बुडाली तर मागे राहिलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर होडीचे कर्ज तसेच राहते.

तूट भरण्याचा दुसरा मार्ग दलालाच्या पेढीकडे जातो. हंगामाच्या तोंडावर जाळ्यांसाठी, डिझेलसाठी आणि खलाशांना आगाऊ उचल देण्यासाठी एकदम मोठी रक्कम लागते. बँक कागद मागते, दलाल मागत नाही. तो रक्कम देतो आणि बदल्यात मासळी आपल्यालाच घालण्याची बोली करतो. दलाल हा खलपुरुष आहे असे समजण्याचे कारण नाही. अडीनडीला तोच उपयोगी पडतो, ही वस्तुस्थिती आहे. परंतु ज्याने आगाऊ रक्कम घेतली त्याला भावासाठी घासाघीस करण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. या कर्जाचे व्याज कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते रोजच्या पट्टीत, किलोमागे कमी मिळालेल्या रुपयांत लपलेले असते. म्हणून ते किती पडले, हेही नाखव्याला समजत नाही.

धोरणाची दिशा

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० साली सुरू झालेल्या मत्स्य संपदा योजनेत नौका व जाळ्यांसाठी अनुदान ठेवले गेले. सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांना खुली करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या सर्वांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि यातील सर्वांत ठळक आणि गाजावाजाचा भाग नौका मिळवून देण्याचा आहे. नौकेचे वाटप समारंभाने होते, त्याचे छायाचित्र निघते. चार वर्षांनी त्याच नौकेचे यंत्र उतरवून ठेवलेले असते, तेव्हा तेथे कोणी जात नाही. नौका घेण्यास मदत आणि ती चालवण्याच्या हिशेबाकडे दुर्लक्ष, या दोहोंतून थकबाकीदार तेवढे निर्माण होतात.

याला उपाय आहेत आणि ते फार खर्चाचेही नाहीत. पहिला म्हणजे कर्जाचे हप्ते हंगामाप्रमाणे बांधावेत. जून-जुलैत ज्याचे उत्पन्न कायद्यानेच शून्य केले आहे, त्याच्याकडून त्या महिन्यांत पगारदाराप्रमाणे समान हप्ता मागणे तर्काला धरून नाही. शेतीच्या कर्जात सुगीचा विचार होतो. कृषीचा दर्जा दिलेल्या व्यवसायातही तो व्हावा. दुसरा उपाय डिझेलवरील मूल्यवर्धित कराच्या परताव्याचा. मच्छीमाराने आधी पूर्ण रक्कम भरायची आणि नंतर संस्थेमार्फत परताव्याची वाट पाहायची, या पद्धतीत लहान नाखवा सरकारला बिनव्याजी कर्जच देत असतो. पंपावरच सवलतीचा दर लागला, तर त्याला सावकाराकडे जाण्याचे एक कारण कमी होईल. हा परतावा लिटरवर मिळत असल्याने जो अधिक डिझेल जाळतो त्याला तो अधिक मिळतो, हेही विसरता कामा नये. रक्कम अपुरी असेल, तेव्हा लहान नौकांची देणी आधी चुकती व्हावीत.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय सहकारी संस्थांच्या हाती आहे. वरच्या उदाहरणातील जाळ्यांचे एक लाख रुपये २०० फेऱ्यांवर वाटले, तर फेरीला ५०० रुपये येतात. ही रक्कम विक्रीच्या पट्टीतूनच कापून सभासदाच्या नावे वेगळ्या खात्यात जमा झाली, तर दोन वर्षांनी जाळी रोखीने घेता येतील. कार्यालयातील नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. त्यामागचे शहाणपण हेच आहे की हातात आलेला पैसा राखून ठेवणे कोणालाच सोपे नसते. जी सोय कारकुनाला कायद्याने मिळाली, ती नाखव्याला त्याच्या संस्थेने द्यावी. खराब हंगामात ही कपात जड जाईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ती ठरावीक रकमेऐवजी विक्रीच्या टक्केवारीने करावी. मासळी कमी तर कपातही कमी. अर्थात यासाठी संस्थेचा कारभार स्वच्छ हवा आणि दर सभासदाच्या हातात भरलेले पासबुक हवे. जेथे सभासदांचा संस्थेवर विश्वास नाही, तेथे निधीची भाषा व्यर्थ आहे.

कोळी समाजाला हिशेब शिकवण्याचा आव आणण्याचे मात्र कारण नाही. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसणारी कोळीण भावाच्या आणि उधारीच्या हिशेबात कोणत्याही व्यापाऱ्याला हार जाणारी नसते. अनेक घरांत रोख रकमेची खरी खजिनदार तीच आहे. तिच्या हिशेबात आजच्या विक्रीची आणि आजच्या खर्चाची नोंद चोख असते. उणीव आहे ती सहा वर्षांनी येणाऱ्या खर्चाच्या नोंदीची. संस्थेच्या सभासदत्वात आणि होडीच्या कागदोपत्री मालकीत या स्त्रियांना स्थान मिळाले, तर ही उणीव भरून निघण्यास वेळ लागणार नाही. किनाऱ्यावरच्या शाळांनाही येथे काम आहे. सरासरी, टक्केवारी आणि सरळव्याज शिकवताना हौदाच्या नळांची उदाहरणे घातली जातात; त्यांच्या जोडीला होडीच्या फेरीचे, डिझेलचे आणि घसाऱ्याचे उदाहरण घातले, तर नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी घरची वही लिहू लागेल. बँकेतला कारकून आणि संस्थेचा चिटणीस यांनीही कर्जाचा अर्ज भरून घेताना वर्षात किती फेऱ्या होतील आणि दर फेरीला किती बोजा बसेल, हे दोन प्रश्न विचारले, तर कित्येक होड्या कर्जात बुडण्यापूर्वी वाचतील.

अशी वही लिहिल्याने समुद्रात मासळी वाढणार नाही, हे उघड आहे. काही नाखव्यांना ती वही असेही सांगेल की या आकाराची होडी या बंदरातून चालवणे परवडत नाही. यंत्र लहान करावे, दोघांनी मिळून एक होडी ठेवावी किंवा जाळ्याचा प्रकार बदलावा. हे ऐकणे कटू आहे. पण ते आपल्याच वहीतून दुसऱ्या वर्षी कळणे आणि बँकेच्या नोटिशीतून सातव्या वर्षी कळणे यांत मोठे अंतर आहे. आज लहान मच्छीमाराला बहुधा दुसऱ्याच मार्गाने कळते. किनाऱ्यावर नव्या नौका किती आल्या, यावर मत्स्यव्यवसायाची प्रगती मोजण्याची सवय सरकारने सोडावी, आणि दहा वर्षांपूर्वी दिलेल्या लहान नौकांपैकी किती अजून त्याच माणसाच्या मालकीच्या आहेत व विम्यासह समुद्रात जात आहेत, हे मोजावे. त्या मोजणीतून जो आकडा निघेल, तोच आजवरच्या धोरणाचा खरा ताळेबंद ठरेल.